म्हाताऱ्याचा ढीग

मैना : मग म्हैस पान्हा चोरायला लागली ती उगाच? खरं सांगा, भावोजी.

दिनानाथ : म्हशीचं माझ्या माथी मारू नको गो वहिनी. भिजका पेंढा घालतेस तिला.

मैना : आणि ती काळी बाहुली? लिंबू, टाचण्या? म्हाताऱ्याच्या ढिगावर, तेही नेमकं माझ्या शेताच्या अंगाला! तुमच्या भावाला जाऊन वर्ष नाय झालं, तोवर शेतावर डोळा?

दिनानाथ : बाहुली मीच ठेवली.

मैना : बघा! तोंडानं कबूल!

दिनानाथ : ऐक तरी. कॉलेजातली नम्रता मॅडम ढीग मापायला आली व्हती ना? म्हणाली, देवळं बांधायच्याही आधीचं थडगं हाय. टपरीवरच्या लोकांना तेवढंच पुरे झालं. जुनं थडगं म्हणजे आत सोनं! मागल्या आठवड्यात दोघं मोटारसायकलवर पहार घेऊन आले. मी हाकलले. पण रोज कोण राखणार? करणी बघून तरी घाबरतील म्हटलं.

मैना : छान रचलीत गोष्ट. मग मला का नाय सांगितलंत?

दिनानाथ : तुला सांगितलं म्हणजे विहिरीवर सांगितलं.

मैना : व्हय, मीच वाईट! झोप उडाली माझी, त्याचं काय? कोलाडच्या भगताकडे जाऊन आले.

दिनानाथ : काय म्हणाला तो?

मैना : सगळं उचल नि वाहत्या पाण्यात सोड.

दिनानाथ : सोडलंस?

मैना : कालच. टाचणीसुद्धा नाय ठेवली.

दिनानाथ : काय केलंस गो हे! चल, आधी ढिगावर चल.

(दोघं बांधावरून ढिगाशी येतात.)

मैना : अगो बाय! धोंडे कुठल्या कुठे फेकलेत. दरसाल नांगर धरायच्या आधी आत निजलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं एकेक ठेवलेले... सासऱ्यांच्या हातचे असतील त्यात.

दिनानाथ : मधोमध खणलंय. रांजण व्हता आत. फोडला मेल्यांनी.

मैना : सोनं निघालं?

दिनानाथ : कुठलं सोनं? नुसती राख नि खापरं. रागानं उधळलंय सगळं.

मैना : आणि ते पांढरं?

दिनानाथ : तू नको बघू.

मैना : सरका बाजूला. काय लपवताय आता?

दिनानाथ : डोकं हाय, वहिनी. दात बघ. दुधाचे हायत.

मैना : म्हणजे म्हातारा...

दिनानाथ : नाय. पोर हाय कुणाचं तरी.

मैना : टॉवेल द्या तुमचा. ऊन लागतंय त्याला.