स्वयंपाकिणीच्या रक्षणार्थ उओमाची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि कामि-उओमाची रहिवासी मंडळाचे आधारस्तंभ माननीय ओगिवारा-सान, व्यासपीठावर डोळे मिटून चिंतनात मग्न असलेले आपल्या देवळाचे पूज्य भिक्षू महाशय, ज्यांच्या कात्रीखालून या सभागृहातलं एकही डोकं सुटलेलं नाही त्या नोनाका-सान, आजचे सत्कारमूर्ती मोरिवाकी-सान, वडिलांना कायमचं आपल्या घरी न्यायला टोकियोहून आलेल्या त्यांच्या सुकन्या कानाए-सान, आणि जेवणाची पानं कधी मांडणार या एकाच चिंतेने इथे शांत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला थोडक्यात बोला असं सांगण्यात आलं आहे. सांगणारे गृहस्थ स्वतः पाऊण तास बोलून नुकतेच खाली बसले आहेत, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

मी फुजिनामी. माशाच्या वड्या वाफवणं हा माझा धंदा आणि या मंडळाचं चिटणीसपद हे माझं नशीब. मोरिवाकी-सानच्या सद्गुणांबद्दल माझ्या आधीचे सगळे वक्ते बोलून गेले. कुणाचा फ्रिज त्यांनी भर सणात चालू केला, कुणाच्या आजीच्या कानातलं यंत्र कसं जुळवलं, सगळं झालं. सद्गुण संपले. माझ्या वाट्याला या सभागृहाच्या छपरावरची गंजलेली डिश तेवढी उरली आहे. तेव्हा मी डिशबद्दल बोलतो.

पण त्याआधी एक. आज सकाळी कानाए-सान केस नीट करून घ्यायला नोनाका-सानच्या दुकानात गेल्या होत्या. त्या दुकानात जे बोललं जातं ते दुपारच्या आत माझ्यापर्यंत येतं, ही आपल्या गावची जुनी सोय आहे. कानाए-सान आरशात बघत म्हणाल्या म्हणे, "काकू, मी इतकी वर्षं आवाजाचं काम केलं, पण बाबांनी माझं काम एकदाही ऐकलं नाही. जाऊ दे, आता म्हातारे झालेत." मी यावर काहीही भाष्य करणार नाही. घरच्या गोष्टीत बाहेरच्याने नाक खुपसू नये. मी डिशबद्दल बोलतो आहे.

मोरिवाकी-सान मला हाताने काहीतरी खुणावत आहेत. आवरतं घ्या म्हणत असतील. विनय आहे तो.

तर सत्त्याण्णव सालची गोष्ट. इथल्या तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण त्या काळी व्हिडिओ गेम आभाळातून यायचे. घरी खेळाचं यंत्र, छपरावर डिश, आणि ठरलेल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता उपग्रहावरून युद्ध सुरू व्हायचं. चार रविवार, चार भाग. लढाईचं चित्र तुमच्या टीव्हीवर, तुमचे सैनिक तुम्ही हलवायचे. आणि पात्रांचे आवाज मात्र टोकियोच्या स्टुडिओत बसलेले कलाकार त्याच घटकेला, उपग्रहाच्या रेडिओवरून जिवंत बोलायचे. सातला सगळं बंद. मध्ये थांबवायची सोय नाही, पुन्हा खेळायची सोय नाही. भात करपला तरी युद्ध चालू.

या खेळात कानाए-सानना पहिलं मोठं काम मिळालं होतं. भूमिका होती सैन्याच्या स्वयंपाकिणीची. नाव नेला. पडद्यावर एवढीशी बाहुली, हातात पळी.

आता बापलेकीचं त्या वेळी बोलणं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. मुलगी म्हणाली होती, मी आवाजाची कलाकार होणार. मोरिवाकी-सान म्हणाले होते, "आवाज काय, आवाज वॉशिंग मशीनलाही असतो. तो बंद करून घ्यायला लोक माझ्याकडे येतात." मुलगी निघाली तेव्हा म्हणाले, "फोन करू नकोस." आणि माणूस तत्त्वाचा. चुकून तिचाच फोन असला तर तत्त्व मोडेल, म्हणून त्यांनी दुकानातला फोन उचलणंच सोडून दिलं. विजेच्या सामानाचं दुकान, आणि फोन उचलत नाहीत. आपला टीव्ही बिघडला की आपण रस्त्यात उभे राहून ओरडायचो. आठवतंय ना?

तर कानाए-सानने नोनाका-सानना फोन केला. "काकू, रविवारी सहाला माझा आवाज येईल. बाबांना सांगू नका." मघाशी म्हटलं तसं, आपल्या गावात सोय आहे. बातमी अर्ध्या तासात दुकानात पोचली. मोरिवाकी-सान म्हणाले, "मला वेळ नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस या छपरावर चढलेला. मी खालून विचारलं, "काय चाललंय?" म्हणाले, "मंडळाला डिश हवी. वादळाची सूचना मिळते." मी म्हटलं, "आणि हे खेळाचं यंत्र?" म्हणाले, "त्याच्याशिवाय डिश चालत नाही." मी वड्या वाफवणारा माणूस, मी काय बोलणार.

मंडळाचं यंत्र म्हटल्यावर खेळणार मंडळ. आणि मंडळ म्हटल्यावर रीतसर. आपल्याकडे गटारावरची फळी बदलायची तरी सूचनेची पाटी घरोघरी फिरते, प्रत्येकाचा शिक्का पडतो, मग फळी. सैन्य काही फळीपेक्षा लहान नव्हतं. पहिल्या रविवारी अध्यक्ष ओगिवारा-सान उभे राहिले आणि त्यांनी शरद ऋतूच्या स्वागतापासून सुरुवात केली. शत्रूला ऋतूंची आवड नव्हती. ते मेपलच्या पानांवर आले तोवर शत्रूने पूल घेतला होता. मी ठराव मांडला की घोडदळ पुलाकडे न्यावं. पाचही गटप्रमुखांचं मत घेतलं. एक गटप्रमुख अंघोळीला गेले होते, त्यांच्याकडे पाटी पाठवली. ती शिक्क्यासह परत आली तेव्हा घोडदळच उरलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर घोडंही नाही. पण मी आजही सांगतो, आपण हरलो ते शिस्तीत हरलो.

आणि मग, सातला थोडा वेळ उरलेला असताना, तिच्या वाटचं वाक्य आलं. "घ्या, रस्सा गरम आहे. उपाशीपोटी कुणी मरू नका." आपली कानाए. सायकलवरून पडून नाल्यात गेलेली कानाए.

मोरिवाकी-सान कुठे होते? ते या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, स्टुलावर चढून छताचा पंखा दुरुस्त करत होते. ऑक्टोबर महिना. पंखा उन्हाळ्यापासून कुणी लावला नव्हता आणि तो बिघडलेलाही नव्हता. पुढचे तिन्ही रविवार ते त्याच पंख्यावर होते. त्या काळात तो पंखा त्यांनी इतका दुरुस्त केला की नंतर तो कायमचा बंद पडला.

मोरिवाकी-सान, खुणा करू नका, पाणी सांडेल.

दुसऱ्या रविवारी, अध्यक्ष महाराज, आपल्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच चर्चेविना एकमत झालं. कुणीतरी म्हणालं, "नेला मेली तर तिचा आवाजही बंद पडणार." बस. कंट्रोलर नोनाका-सानच्या हातात होता, गावात सर्वांत चपळ हात त्यांचे. त्यांनी सगळं सैन्य परत बोलावलं आणि स्वयंपाकिणीभोवती रिंगण करून उभं केलं. सेनापती, धनुर्धारी, हाडकुळा राजपुत्र, सगळे पळीच्या रक्षणाला. टोकियोहून सेनापतीचा आवाज ओरडतोय, "वीरहो, किल्ल्यावर चाल करा." आणि इथून ओगिवारा-सान म्हणतायत, "तू जा, आम्ही इथे बरे आहोत." किल्ले पडत होते, राज्य बुडत होतं, आणि उओमाचीत कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. देशात त्या संध्याकाळी एवढं सुखी पराभूत सैन्य दुसरं नसेल.

तिसऱ्या रविवारी घात झाला. कुणाचंही नाव न घेता सांगतो, कारण ते आज अध्यक्षस्थानी आहेत. लढाई ऐन रंगात, लांडग्यांवर बसलेले शत्रू रिंगणाला खेटलेले, आणि ओगिवारा-सानना वाटलं, नोनाका-सान दमल्या असतील. त्यांनी स्वतःच्या हाताने चहाचा पेला भरून पुढे केला. आता सांगा, वडीलधाऱ्या माणसाने स्वतः दिलेला पेला एका हाताने कोण घेतं? नोनाका-सानने कंट्रोलर खाली ठेवला, दोन्ही हातांनी पेला घेतला, वाकून नमस्कार केला. ओगिवारा-साननी उलट नमस्कार केला. मग नोनाका-साननी पुन्हा एकदा केला. तेवढ्यात लांडगे आत.

पळी पडली. जागेवर थडग्याचा एक छोटासा दगड उभा राहिला.

पंख्याजवळून आवाज आला, "उठवा तिला." मोरिवाकी-सान स्टुलावरून खाली उतरले होते. हातात स्क्रूड्रायव्हर. "मागे न्या. चहाच्या आधी न्या." नोनाका-सान म्हणाल्या, "मागे जाता येत नाही हो." यंत्रातलं कळणारा गावातला एकच माणूस, त्याला हे आम्ही सांगायचं.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. भिक्षू महाशयांनी सवयीने हात जोडले आणि मंत्र सुरू केला. ते ऐकून ओगिवारा-सान सवयीने गुडघ्यांवर बसले आणि मोरिवाकी-सानना म्हणाले, "या दुःखद प्रसंगी आपलं सांत्वन कोणत्या शब्दांत करावं." मोरिवाकी-साननी सवयीने जमिनीला कपाळ टेकून आभार मानले. मग रांगच लागली. मीही गेलो. माझ्या खिशात काळी फीत नव्हती याची मला खरंच लाज वाटली. एका जिवंत मुलीचं, टोकियोत धडधाकट बसलेल्या मुलीचं, आम्ही रीतसर सुतक धरलं, आणि एकालाही हसू आलं नाही. मोरिवाकी-सानचा चेहरा बघून येणं शक्यच नव्हतं. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

आणि त्या मंत्रात, पडद्यावर दगड दिसत असताना, रेडिओतून ती बोलली. "कोण उपाशी आहे? पातेल्यात अजून पुष्कळ आहे."

मित्रहो, चित्र ज्याच्या त्याच्या घरचं होतं, आवाज साऱ्या देशाला एकच होता. आपल्या गावात कोण मेलं हे टोकियोला काय ठाऊक? भिक्षू महाशयांचा मंत्र अर्ध्यात थांबला. सगळे मोरिवाकी-सानकडे बघायला लागले. ते गुडघ्यांवर तसेच बसून, मान तिरकी करून ऐकत होते, यंत्रातला बिघाड ऐकतात तसे. आणि म्हणाले, "सर्दी झालीय तिला. घसा धरलाय. नाकातून बोलते आहे."

आम्ही कुणीच ते ओळखलं नव्हतं. मी तर रोज रेडिओ ऐकणारा माणूस.

ते उठले, मोज्यांवरच रस्ता ओलांडून दुकानात गेले. मी चिटणीस, मला मागे जाणं भाग होतं. त्यांनी टोकियोच्या केंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीने विचारलं असेल, खेळाबद्दल तक्रार आहे का. हे म्हणाले, "खेळ आम्ही हरलोय, त्याचं काही नाही. तुमच्या स्वयंपाकिणीला गरम पाणी द्या. आल्याचं दिलंत तर उत्तम." नाव विचारल्यावर म्हणाले, "एक श्रोता." कुठून, म्हटल्यावर म्हणाले, "शिमाने, उओमाची, विजेच्या सामानाचं दुकान." एवढी गुप्तता पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्या मुलीने निरोप अर्धाच, गावाचं नाव गाळून, पोचवला असावा. कारण चौथ्या रविवारी युद्ध संपलं, राजपुत्राला मुकुट चढला, आणि शेवटी नेला म्हणाली, "आल्याचं पाणी पाठवणाऱ्या श्रोत्याला नमस्कार. आता बरं आहे." देशभर लोक बुचकळ्यात पडले असतील, हे कुठलं पात्र. इथे सगळं सभागृह छताकडे बघत होतं. आणि छताखाली एक माणूस नसलेला स्क्रू पिळत होता.

त्या डिसेंबरात दुकानाचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला. "कोण?" "मी." "इकडे बर्फ पडलाय." "इकडे नाही." झाला समेट. नव्या वर्षाला कानाए-सान आल्या, सणाची तांदळाची मोची खाल्ली. त्यांनी विचारलं असणार, ऐकलंत का. आणि हे म्हणाले असणार, "पंख्याचं काम होतं." आम्हा सगळ्यांकडून त्यांनी वचन घेतलं होतं की त्या रविवारांबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. उभ्या गावाने ते पाळलं. तेव्हापासून आजतागायत या बापलेकीचं बोलणं हवामानावर चालू आहे. कुठे ऊन, कुठे पाऊस. मला या माणसाचा राग येतो, आणि उद्यापासून समोरच्या दुकानाचं दार बंद दिसेल, ते मला बघवणार नाही. दोन्ही खरं आहे.

कानाए-सान, आपण माझ्याकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा. आणि मोरिवाकी-सान, आता खुणा करून काही उपयोग नाही.

अध्यक्ष महाराज, आपण चहाचा विषय मोठ्या मनाने ऐकून घेतलात, त्याबद्दल आभारी आहे. नोनाका-सान, भिक्षू महाशय, आणि भुकेल्या पोटी बसून राहिलेले सर्वजण, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, ऋतूचा उल्लेख करायला मी विसरलो असेन, तर लहान समजून पोटात घाला. दिलेलं वचन मोडलं, त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

मंडळातर्फे सत्कारमूर्तींना टॉवेलांचा संच दिलेला आहेच. पण टोकियो लांब आहे, गाडीत दोघं शेजारी बसणार, आणि हवामान काही तेवढं पुरणारं नाही. बोलायला विषय हवा होता. तो माझ्याकडून.