मोटारीसाठी लावलेला कौल

अहो, आमची देवरूखला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार ऐन शिमग्याच्या तोंडावर बसली होती! इंजिन पुरतं खोलून नव्यानं बांधायचं होतं. मुंबईहून आलेल्या मिस्त्रीला द्यावं, की आगबोटीवर इंजिन सांभाळलेल्या हसनचाचांना? आमच्या ह्यांचं ठरेना. शेवटी ग्रामदेवीला कौल लावला. गुरवानं दोघांच्या नावानं मूर्तीला दोन फुलं लावली; ज्याचं आधी पडेल त्याला काम. पण दुपारपर्यंत एकही पडेना.

हे हिरमुसून घरी आले, तर अंगणात चटईवर सगळं इंजिन सुटं मांडलेलं!

“चाचा, हे काय? देवीनं अजून कौल दिला नाही!”

“कसा देईल?” चाचा पिस्टन पुसत म्हणाले. “शिमगा आलाय, तिला पालखीची गडबड. इंजिनाचं आपणच बघू. तो पाना दे इकडे.”

ह्यांनी मुकाट्यानं दिला.