हातात जड लागलेली ड्राइव्ह

पुरवणी जबाब

मी, नाव पहिल्या जबाबात आहे तेच, बाजारात 'मापवाली ताई' म्हणून ओळख, वय ५४ वर्षे, धंदा पायात दोष असलेल्यांसाठी मापाचे बूट बनवणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, पहिला मजला, समक्ष हजर राहून सांगते की, सोमवारी याच टेबलासमोर बसून मी माझ्या धाकट्या भावावर संशय घेतला होता. दुकानातली एकवीस वर्षांची मापे त्याने लांबवली, असे माझे शब्द होते. त्यात मला दुरुस्ती करायची आहे. लिहून घेणाऱ्या पोलीस बाईंना मी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवायला लावला आहे, कारण माणूस सांगतो एक आणि कागदावर येते दुसरे, हे मी पाहिलेले आहे. बाईंनी तो वळवला.

भाऊ ४१ वर्षांचा आहे. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे त्याला मीच वाढवले. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे बाई म्हणाल्या, तरी लिहावे. दुकान आम्ही दोघे चालवतो. कोणाचा एक पाय आखूड असतो, कोणाला बोटे नसतात. आम्ही पायाची आकृती काढतो, चारही बाजूंनी फोटो घेतो, माणूस चालतो कसा त्याचा व्हिडिओ घेतो आणि सगळे कॉम्प्युटरवर ठेवतो. एकूण ११४० माणसे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आता जिना चढवत नाही. ते फोन करतात आणि आम्ही जुन्या मापावरून बूट करून पाठवतो.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरची हार्डडिस्क कटकट वाजू लागली. समोरच्या कॉम्प्युटरवाल्याने ऐकून सांगितले की ती शेवटच्या घटका मोजते आहे, तिच्या जागी एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची ड्राइव्ह बसवून घ्या. मी एकटीच त्याच्या दुकानात गेले. त्याने दोन प्रकार पुढे ठेवले. एक बोटभर पट्टी होती, ती आमच्या जुन्या मशीनमध्ये बसणार नाही म्हणून त्याने स्वतःच बाजूला सारली. दुसरी तळहाताएवढी चपटी डबी होती. तो म्हणाला, हीच घ्या, एक टीबी जागा तुम्हाला पुरते, सर्वात वेगवान घेऊ नका, तुमचे मशीन तो वेग पेलणार नाही, कंपनी नावाजलेली आहे आणि पाच वर्षांची हमी आहे. दुकानदार आपणहून कमी किमतीचा माल पुढे करतो तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकते. मी डबी हातावर घेतली. रिकाम्या काड्यापेटीसारखी लागली. मी तसे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "ताई, आत एवढंसं कार्ड असतं, बाकी हवाच." हवा विकतोय हे त्याने तोंडाने कबूल केले, असा मी अर्थ घेतला आणि उठले.

आमच्या धंद्यात माल हातावर तोलून घेतात. तळव्याचे कातडे हलके लागले तर ते जनावराच्या पोटाकडचे असते, दोन महिन्यांत फसकते. वडिलांनी मला हे शिकवले आणि मी भावाला. बस थांब्याजवळ टेबल मांडून बसणाऱ्या एका टोपीवाल्याकडे मी चार ड्राइव्ह हातावर तोलल्या आणि सर्वात जड होती ती घेतली. वर दोन टीबी लिहिले होते.

घरी येऊन मी भावाला सांगितले की ती समोरच्या दुकानातली आहे. खोक्याला सील कसे नाही, असे त्याने विचारले. दुकानदाराने तपासायला फोडले, तू फक्त बसव, असे मी म्हणाले. ही गोष्ट सोमवारच्या जबाबात नाही. बाईंनी विचारली नाही आणि मला सांगायची नव्हती.

त्याच आठवड्यात कातडेवाला सांगून गेला होता की तुमचा भाऊ मागच्या गल्लीत रिकामे दुकान बघतोय. भावाने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलायचा. मी डोळ्यांत तेल घालून होते. मापे नव्या ड्राइव्हवर उतरायला दिवस गेला. पडद्यावर ११४० नावे आली, ती मी मोजली. वरची तीन उघडली, ठीक होती. भाऊ म्हणाला, "जुनी डिस्क महिनाभर माझ्या कपाटात राहू दे. सगळी मापं उघडून बघू, मग टाकू." त्याच्या कपाटात म्हणताच माझे डोके फिरले. मी ती डिस्क ऐरणीवर ठेवून हातोडीने फोडली. त्याने मध्ये हात घातला होता, तो थोडक्यात वाचला.

तीन आठवड्यांनी एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला, बूट झिजले म्हणून. त्याचे नाव दिसत होते, माप उघडेना. सगळी तपासली तेव्हा वरची त्रेपन्न उघडली, बाकी फक्त नावे. भावाने खरी ड्राइव्ह काढून ही डुप्लिकेट बसवली, अशी माझी खात्री झाली. मी सोमवारी इथे आले. भावाला बोलावून बाहेरच्या बाकावर अकरा ते पाच बसवले होते. ड्राइव्ह कोणी आणली, असे त्याला विचारले. ताईने दुकानातून आणली, एवढेच तो म्हणाला. सीलबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही.

बुधवारी कॉम्प्युटरवाल्याने इथेच माझ्यासमोर ती ड्राइव्ह उघडली. आत नखाएवढे मेमरी कार्ड होते, जे दोन टीबी असल्याचे सोंग करत होते. ते भरले की पुढच्या मापांची नावे तेवढी दिसायची, मापे हरवायची. उरलेल्या जागेत लोखंडाची पट्टी होती. ती चिकटवायला वापरला तसला गोंद मी चपलेलाही लावत नाही. टोपीवाल्याचे टेबल आता तिथे नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या जागेचा मालक आमच्याकडे आला. जागा तळमजल्याची आहे. आमच्या दुकानाला एकोणीस पायऱ्या आहेत आणि भावाला त्या नको होत्या. त्याने जागा आमच्या दोघांच्या नावावर मागितली होती. इतके दिवस लपवले का, असे मी मालकाला विचारले. भावाने त्याला सांगितले होते की सगळे पक्के होऊ दे, नाहीतर आमची ताई तुमच्या आज्यापासून चौकशी करेल.

सोमवारचा जबाब फाडून टाकावा, असे मी बाईंना म्हटले. तो फाडता येत नाही, फाइलमध्ये दोन्ही राहतील, असे त्यांनी सांगितले. म्हणून लिहून घ्यावे की माझा भावावर संशय नाही. डिस्क मी फोडली, ड्राइव्ह मी निवडली आणि खोटेही मीच बोलले. सोमवारी त्याला सहा तास बाकावर बसलेला पाहून मला बरे वाटले होते, याची मला लाज वाटते.

मंगळवारपासून तो कागद-पेन्सिल घेऊन गिऱ्हाइकांच्या घरी जातो आणि जमिनीवर बसून पुन्हा एकेका पायाची आकृती काढतो. हे मला गिऱ्हाइकांचे फोन येतात त्यावरून कळते. घरी तो जेवतो आणि आपल्या खोलीत जातो.

हा जबाब बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. पडद्यावर आहे तेच त्यांनी वाचले आणि मी सांगितले तेच त्यात आहे. माझी विनंती आहे की माझ्या भावाला बोलावून, बाकावर न बसवता खुर्ची देऊन, हा जबाब त्यालाही असाच वाचून दाखवावा. मी बोलायला लागले की तो उठून जातो.