ज्याचं त्याला विचारा

...नाय पण मला सांगा, पोरीची मुलाखत अकराला, घड्याळात वाजलेत दहा, आणि बापानं काय करायचं? देवाला हात जोडायचे, का रानोमाळ पासवर्ड गोळा करत फिरायचं? मी फिरलो! चढणीनं फिरलो, तेही उलटा सदरा घालून, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ते मागनं सांगतो.

तुम्हाला सांगतो, आमची वाडी पोलादपूरच्या वर, मोबाइलला रेंज म्हणाल तर देवाचं नाव घ्या. वायरचं इंटरनेट आलंय ते फक्त समाजमंदिरात, आणि तिथं एकच कंप्युटर, मुंबईत ऱ्हाणाऱ्या आमच्या वाडीकरांच्या मंडळानं दिलेला. लिनक्सवाला. म्हणजे काय, तर घरटी एक खातं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, एकाच्या कामाला दुसऱ्याला हात लावता येत नाय. मी म्हटलं, झकास! वाडीला शोभतंय! आमच्यात पडलेला आंबासुद्धा झाडाच्या मालकाला विचारल्याबिगर उचलत नाय. ज्याचं त्याला विचारा, हा आमचा कायदा... आता बघा, त्या कायद्यानं माझी काय गत केली ती!

आमची श्रुतिका, महाडच्या कॉलेजातनं केमिस्ट्री झालेली, दोन वर्षं बिरवाडीच्या कारखान्यात कंत्राटावर राबली, आणि आता मुंबईच्या औषध कंपनीतनं बोलावणं. कंप्युटरवर तोंड दाखवायचं, अकरा म्हणजे अकरा, उशीर झाला की नाव खोडलं. पोरगी दहाला जाऊन बसली, बटण दाबलं, तर कंप्युटर घरघरतोय नुसता! पडद्यावरचा बाण हलेना. इकडून तिकडं जायला त्याला जेवढा वेळ, तेवढ्यात माणूस पोलादपूरला जाऊन येईल!

"बाबा, मागं कायतरी चालू हाय," पोरगी म्हणाली, आणि तिनं एक यादी काढली. अहो काय यादी! काम, कामाचा नंबर, आणि शेजारी मालकाचं नाव. उठून गेलेली माणसं, खातं बंद कोण करतंय? सगळ्यांचं सगळं मागं चालूच! एक ठकूकाकीचं, भजनं लावून गेलेली, आवाज बंद, भजन चालू. त्यात कसला तरी बिघाड झालेला, तेच एक भजन अर्धा कंप्युटर खात होतं. दुसरं अक्षयचं, शिमग्याला आलेला, पिक्चर उतरवायला लावून मुंबईला गेला, तो पिक्चर अजून उतरतोय!

"मार की मग!" मी म्हटलं. पोरीनं नंबर टाकला, किल केलं. पडद्यावर काय आलं? परवानगी नाय! मालकाच्या खात्यात शिरून बंद करा म्हणे. म्हणजे काय? ज्याचं त्याला विचारा!

धावलो. अक्षयची आई साळूबाई, तिनं बरं केलं, पासवर्ड तांदळाच्या डब्यावर खडूनं लिहिलेला. पण डबा घासलेला! अर्धा पुसलेला पासवर्ड वाचायला मी डबा उन्हात धरून उभा, आणि ती म्हणते, "सावकाश वाच रे, घाई कसली?" घाई कसली! सव्वादहा!

वाचला. खाली. तो पिक्चर मेला. परत वर, ठकूकाकीकडं. "काकी, पासवर्ड सांगा." तर काकी पदर तोंडात धरून लाजायला लागली. सत्तरीची बाई! "असं कसं सांगू रं..." अगो काकी, माझ्या पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय! "नाय रं, हे बसलेत ना पुढ्यात..." पुढ्यात रावजीकाका, सुपारी कातरतायत, कानानं ठार बहिरे. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "काकी, काकांचं नाव हाय काय?" मान हलवली. म्हटलं चला, मिळाला, मी वळलो, तर मागनं हात धरला! "पुढं आणखी हाय. पण नाव तसं नाय घ्यायची मी. उखाण्यात घेते." दहा पस्तीस! काकी आढ्याकडं बघत बसली. शेवटी आला बाबा एकदाचा...

"डोंगरावरनं आणली लाकडाची मोळी, रावजीरावांना आवडते गरम गरम पोळी... आणि पुढं एक दोन तीन!"

मी उड्या मारत खाली. पोरीनं टाकला, भजन थांबलं, घरघर थांबली, बाण सशासारखा पळायला लागला. दहा पन्नास. मी भिंतीला टेकलो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाय सांगत.

"बाबा... कॅमेरा लागत नाय."

पुन्हा यादी. कॅमेरा आधीच दुसऱ्या कामानं धरून ठेवलाय. मालक कोण? मंडळ! मागल्या साली खोलीतली बॅटरी चोरीला गेली, तेव्हापासनं मंडळ मुंबईतनं नजर ठेवून हाय, आणि आम्हाला पत्ताच नाय. पासवर्ड सेक्रेटरी काशिरामभाऊंकडं. ज्याचं त्याला विचारा! लावला वायफायवरनं फोन. "भाऊ, पाच मिनिटं नजर बंद करा, पोरीची मुलाखत हाय!"

भाऊंचा आवाज, अगदी व्यासपीठावरनं आल्यागत. "त्याचं असं आहे, ही मंडळाची व्यवस्था. मला एकट्याला अधिकार नाही. पुढच्या रविवारी सभा आहे, लेखी अर्ज द्या, ठराव घेऊ."

"भाऊ, अकराला मुलाखत हाय! तुम्हाला काय दिसत नाय काय?"

"दिसतंय की. सदरा उलटा घातलायस तू."

मी खाली बघितलं. शिलाई बाहेर! सगळ्या वाडीत असा फिरलो मी, आणि सांगितलं कुणी, तर मुंबईनं!

पोरगी रडवेली झालेली, दहा अठ्ठावन्न, मी भाऊंच्या हातापाया पडतोय, आणि दारात आमची आई, ठमाबाई, हातात दहीसाखरेची वाटी. "काय झालं गो?" श्रुतिका म्हणाली, "आजी, मुंबईवाले ह्या डोळ्यातनं बघतायत, सोडत नायत." आईनं कॅमेऱ्याकडं बघितलं. "म्हंजे काल मी हितं पाय पसरून बिडी ओढत होते... ते काश्यानं बघितलं?" आणि कुणाला कळायच्या आत म्हातारीनं कॅमेऱ्याची वायर धरली, आणि खस्सकन उपटली!

"आई, अगो, ज्याचं त्याला विचार..."

"त्यानं मला इचारलं व्हतं?"

यादीतनं मंडळाचं काम गायब! पोरीनं वायर परत खोचली, ह्या वेळी कॅमेरा आधी तिला सापडला, अकराला मिनिट कमी, तोंडात दहीसाखर, आणि पडद्यावर साहेब. मी बाहेर पायरीवर बसलो आणि सदरा सरळ केला.

लागली नोकरी! गेली मुंबईला. मंडळाची सभा झाली, आईला समज देणारा ठराव झाला, आईनं तो चुलीत घातला, आणि त्याच सभेत ठरलं, त्या कॅमेऱ्यावर देखरेख आता वाडीतल्या माणसाची, म्हणजे माझी. पासवर्ड माझ्याकडं, म्हणजे कॅमेरा आता कायमचा बंद, असंच ना? पण पोरीचा फोन आला. "बाबा, संध्याकाळी कामावरनं आले की खोली खायला उठते. सहाला तो कॅमेरा चालू कराल? मी इथनं बघेन. बोलू नका, नुसतं येऊन बसा."

आता मी रोज सहाला जातो, माझ्या हातानं चालू करतो, समोर बसतो. आणि तिकडनं पहिला निरोप काय येतो माहिताय? "बाबा, सदरा उलटा हाय!" बंद करावं म्हटलं तर यादीत बघितलं मी, ज्याचं त्याला विचारा... मालक म्हणून आता माझंच नाव हाय तिथं, आणि तो मालक काय परवानगी देत नाय!