फ्लॅट क्रमांक ४०२, सकाळी दहा ते एक

नाव : विजयश्री भीमराज ओव्हाळ
वय : ६८ वर्षे
धंदा : सेवानिवृत्त (पूर्वी पिंपरी येथील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात स्टेनोग्राफर)
शिक्षण : बी.ए.
राहणार : फ्लॅट क्र. ४०२, सुप्रभा सोसायटी, पिंपळे गुरव, पुणे

मी आज दिनांक १२/०८/२०२५ रोजी सकाळी ११.१५ वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर सन २००९ पासून एकटी राहते. माझे लग्न झालेले नाही. आईवडील हयात नाहीत. वडील खडकीला कारखान्यात फिटर होते व माझे शिक्षण तेथीलच कॉन्व्हेंट शाळेत झाले. हा तपशील लिहिण्याची गरज नाही, असे हवालदार मिनल साबळे यांचे म्हणणे पडले. परंतु पुढे नमूद केलेले प्रमाणपत्र मी इंग्रजीत का दिले, हे त्यांनीच विचारले होते. त्याचे उत्तर हे आहे.

कस्तुरा नामदेव ढगे, वय ४४, मूळ राहणार जिल्हा परभणी, या माझ्याकडे सहा वर्षांपासून घरकाम करतात. रविवार सोडून रोज सकाळी दहाला येतात व एकला जातात. स्वयंपाक, भांडी, केर-फरशी ही त्यांची कामे. साडेअकराला आम्ही दोघी चहा घेतो. तो कामाचा भाग धरावा किंवा कसे, हे मला सांगता येत नाही.

कस्तुराबाईंचे पती सन २०१८ मध्ये वारले. त्यांची मुलगी अंजली, वय १९, हिला आकडी येते. ती सकाळी विशेष मुलांच्या शाळेत जाते. शाळेची गाडी तिला दुपारी दीड वाजता घराजवळ सोडते. त्यानंतर तिला एकटी ठेवता येत नाही. त्यामुळे कस्तुराबाई अर्धवेळच काम करू शकतात. त्यांना निराधार महिलांचे मासिक अनुदान मिळत होते. अंजलीची औषधे व शाळेची गाडी त्यावर चालत होती.

दिनांक १४/०६/२०२५ रोजी, शनिवारी, एका मंगल कार्यालयात अनुदान घेणाऱ्या महिलांसाठी रोजगार मेळावा होता. पडताळणीचे काम घेतलेल्या एका खाजगी संस्थेने तो भरवला होता. न आल्यास अनुदान अडेल, असा मोबाईलवर संदेश आल्याने कस्तुराबाई घाबरल्या होत्या. म्हणून मी सोबत गेले. तेथे संस्थेचे समन्वयक समर्थ भोईटे, वय अंदाजे २६, हे टेबलावर बसले होते. त्यांनी कस्तुराबाईंना सांगितले, "ताई, चाकणला पॅकिंगचं काम आहे. बस सकाळी साडेसहाला, परत रात्री आठला. फुल टाइम. नाश्ता कंपनीचा."

कस्तुराबाई म्हणाल्या, "साहेब, माझी लेक दीडला घरी येती. तिला कोण बघंल?"

समर्थ म्हणाले, "शेजारी कुणी असेल की. सगळेच करतात, ताई. तीन तास काम करून कुणी पायावर उभं राहतं का?"

मी म्हणाले, "त्या पहाटे पाचपासून पायावरच उभ्या असतात. तुम्ही बसलेले आहात."

त्यावर ते म्हणाले, "आजी, तुम्ही मधे बोलू नका."

मी त्यांना सांगितले की मला नातवंड नाही, आणि असते तर त्याने खुर्चीवरून उठून बोलावे, हे मी बघितले असते. ते उठले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर तीनच रकाने होते : पूर्णवेळ नोकरी आहे, पूर्णवेळ नोकरी स्वीकारली, नोकरी नाकारली. अर्धवेळ काम असा रकानाच नव्हता. तिसऱ्या रकान्यात खूण झाली तर फाईल फेरविचाराला जाईल, असे समर्थ यांनी सांगितले. अर्धवेळ काम करणाऱ्या बाईचा उरलेला दिवस रिकामा असतो, असा त्यांचा समज दिसला. कस्तुराबाईंनी दोन दिवसांची मुदत मागितली. ती त्यांनी दिली.

दिनांक १६/०६/२०२५ रोजी मी घरी कॉम्प्युटरवर इंग्रजीत एक प्रमाणपत्र टाइप केले. कस्तुरा ढगे या माझ्याकडे सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशा पूर्णवेळ नोकरीस आहेत, त्या प्रामाणिक व वक्तशीर आहेत, असा त्यातील मजकूर होता. खाली माझी सही आहे. आज मला दाखवलेली प्रत त्याचीच आहे. प्रामाणिक व वक्तशीर हे खरे आहे. वेळा खोट्या आहेत. कारखान्यात मी एकतीस वर्षे साहेब लोकांच्या सहीची प्रमाणपत्रे टाइप केली. त्यांतली किती खरी होती, हे मला कोणी कधी विचारले नाही.

पूर्णवेळ नोकरी आहे असे दाखवले की चाकणची बस टळेल, एवढाच विचार मी केला. पूर्णवेळ नोकरी असलेली बाई कागदावर निराधार राहत नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. मी स्वतःला हुशार समजत होते.

कस्तुराबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. कागदात काय आहे, असे त्यांनी विचारले होते. मी म्हणाले, "तुझी सुटका आहे. नेऊन दे आणि गप्प बस." त्यांनी तो नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे असे प्रमाणपत्र मागितले नव्हते. मजकूर मी त्यांना समजावला नव्हता. ही गोष्ट ठळक लिहावी, असे मी हवालदारांना सांगितले. ठळक लिहिण्याची पद्धत नाही, असे त्यांनी सांगितले.

दिनांक १८/०७/२०२५ रोजी कस्तुराबाईंना पत्र आले की पूर्णवेळ रोजगार असल्याने अनुदान बंद करण्यात आले आहे. पत्र त्यांनी माझ्याकडे वाचायला आणले. मी ते वाचले. त्या म्हणाल्या, "ताई, मग आता गाडीवाल्याला काय सांगू?" त्या दिवशी चहा झाला नाही.

दिनांक २१/०७/२०२५ रोजी मी एकटी संस्थेच्या कार्यालयात गेले. प्रमाणपत्र चुकीचे आहे, ते परत घेते, असा अर्ज दिला. समर्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही दयेपोटी आता उलटं बोलताय. त्या दिवसभर तुमच्याकडेच असतात. आम्ही चौकशी केली आहे." नंतर दिनांक ०४/०८/२०२५ रोजी संस्थेने कस्तुराबाईंविरुद्ध तक्रार दिली की, पूर्णवेळ नोकरी असताना अर्धवेळ असल्याचे माझ्यामार्फत खोटे सांगून त्या पुन्हा अनुदान उकळू पाहत आहेत. त्या तक्रारीच्या चौकशीत माझा हा जबाब आहे.

मी सोबत सोसायटीच्या गेटवरील रजिस्टरची प्रत हजर करीत आहे. दिनांक १६ जून ते ३१ जुलै या काळात फ्लॅट ४०२ समोर कस्तुराबाईंच्या येण्याच्या नोंदी दहाच्या आसपास व जाण्याच्या नोंदी एकच्या आसपास आहेत. याच काळात त्या फ्लॅटसमोर इतर नोंदी पुढीलप्रमाणे : गॅस सिलिंडर एकदा, पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती एकदा, पार्सल एकदा. पार्सल ३०२ चे होते.

हवालदार साबळे यांनी पाने उलटून विचारले, "बाकी कुणीच येत नाही का हो मॅडम, तुमच्याकडं?" त्याचे उत्तर रजिस्टरमध्ये आहे.

मागच्या गेटला रजिस्टर नाही, तेव्हा कस्तुराबाई तेथून परत येत असतील, असे संस्थेचे म्हणणे मला सांगण्यात आले. त्याला आधार म्हणून फ्लॅट ४०१ मधील विमलबाई यांचे म्हणणे मला वाचून दाखवण्यात आले. त्यांनी सांगितले आहे की, ४०२ मधून सायंकाळी बोलण्याचा आवाज येतो आणि कस्तुराला हाक मारलेली त्यांनी अनेकदा ऐकली आहे. विमलबाई खोटे बोलत नाहीत. आमचे विशेष पटत नाही, तरी हे मला नमूद करावे लागते.

त्याबाबत माझा खुलासा असा की, तो आवाज माझा आहे. दुसरा आवाज नसतो. मी सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पेपर मोठ्याने वाचते. मधेच काही सांगण्यासारखे आले तर कस्तुराचे नाव घेऊन सांगते. त्या वेळी त्या त्यांच्या घरी असतात. हे किती दिवसांपासून, असे विचारल्यावरून सांगते की, निश्चित तारीख देता येत नाही. दोन वर्षे झाली असावीत. मला कोणताही मानसिक आजार नाही व त्यासाठी औषध चालू नाही. कस्तुराबाईंना हे माहीत नाही. त्यांना सांगण्याचे कारण नव्हते.

माझे व कस्तुराबाईंचे काय नाते, असे विचारण्यात आले. आम्ही एका गावच्या नाही, एका जातीच्या नाही, नातेवाईक नाही. कामाचा संबंध आहे. याहून जास्त काही लिहिले तर माझा जबाब पक्षपाती धरला जाईल, असे साबळे यांनी समजावून सांगितले. म्हणून याहून जास्त लिहू नये.

खोटे प्रमाणपत्र दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे मला माहीत आहे. ती व्हावी. कस्तुराबाईंचे अनुदान पूर्ववत करण्यासाठी हा जबाब संबंधित कार्यालयाकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे.

चौकशी पूर्ण होईपर्यंत कस्तुराबाईंनी माझ्याकडे कामास येऊ नये व आम्ही आपसांत बोलू नये, नाहीतर संगनमत असल्याचे म्हटले जाईल, अशी समज मला देण्यात आली. किती दिवस लागतील, असे मी विचारले. सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. मला मान्य आहे. त्यांना दुसरीकडे सकाळचे काम मिळवून देणे माझ्या हातात आहे व ते मी आजच फोनवर करीन. हे आपसांत बोलणे होत नाही.

जबाब टाइप झाल्यावर हवालदार साबळे यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. कस्तुराबाईंना आजच बोलावलेले असल्याने त्या दाराबाहेरील बाकावर होत्या व दार उघडे होते. सायंकाळच्या खुलाशाचा भाग आल्यावर मी साबळे यांना, तो मनात वाचा, असे म्हणाले. तसे चालत नाही, असे त्यांनी सांगितले व तो भाग वाचला. त्यानंतर कस्तुराबाई बाहेरून म्हणाल्या, "ताई, संध्याकाळचं जेवत जावा वेळेवर." समज दिलेली असल्याने मी उत्तर दिले नाही.

एवढा मजकूर वाढवल्यावर जबाब मी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, खरा आहे, आणि त्याखाली सही करीत आहे.

(वि. भी. ओव्हाळ)

समक्ष : मिनल साबळे, महिला पोलीस हवालदार