बाबांनी सोडलेलं मटण

उर्वी : म्हणजे बाबा एकटे खाली गेले? आणि तुला कळलंच नाही?

राजलक्ष्मी : आंघोळीला गेले होते गं मी. बाहेर येते तर दार सताड उघडं. चपला जागेवर, माणूस नाही. रविवारची सकाळ, गिरगावातली गर्दी, कुठे शोधायचं? जिन्यापर्यंत पोचते तोच जयवंत त्यांना हाताला धरून वर घेऊन येतोय.

उर्वी : जयवंत कोण?

राजलक्ष्मी : नाक्यावरचा मटणवाला. तू लहान होतीस तेव्हा त्याचे वडील बसायचे दुकानात. हे तिथे रांगेत उभे होते. लेंगा, बनियन, पायात काही नाही. नंबर आल्यावर म्हणाले, 'नेहमीचं दे.'

उर्वी : आई गं...

राजलक्ष्मी : त्यानं बिचाऱ्यानं काही न विचारता दिलं. वर मलाच सांगतो, 'काकी, काकांना रागावू नका. माझ्या बाबांच्या नावानं हाक मारली त्यांनी मला. बरं वाटलं.'

उर्वी : मग ती ओट्यावरची काळी पिशवी...

राजलक्ष्मी : तीच. जाताना घेऊन जा परळला. तुमच्याकडे होईल.

उर्वी : आणि बाबांना काय?

राजलक्ष्मी : बिरडं केलंय. सकाळपासून वाल सोलत बसले होते मी.

उर्वी : खाणार नाहीत ते. मागच्या रविवारीही ताट सरकवलं ना? आई, हात बघितलेस त्यांचे? घड्याळ मनगटावर राहत नाही, कोपरापर्यंत जातं. डॉक्टर काय म्हणाले? जे मागतील ते द्या, काहीतरी पोटात जाऊ दे.

राजलक्ष्मी : डॉक्टरांना काय माहीत, ह्यांनी काय सोडलंय आणि कशासाठी.

उर्वी : मला तरी कुठे नीट माहितीये? मी तेव्हा हॉस्टेलला. सुट्टीत आले तर घरात मटण, चिकन सगळं बंद. विचारलं तर म्हणाले, पचत नाही हल्ली.

राजलक्ष्मी : सगळ्यांना तेच सांगायचे. आपल्या सोडण्याचा दुसऱ्याच्या ताटाला त्रास नको म्हणून. आपल्या सीकेपी गोतावळ्यात खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते सगळे.

उर्वी : खरं कारण काय होतं?

राजलक्ष्मी : एकदम नाही सोडलं. आधी त्या पांढऱ्या कोंबड्या सोडल्या. म्हणाले, 'राजी, त्यांची छाती इतकी वाढवतात की पायांना पेलत नाही. पिंजऱ्यात बसल्या बसल्याच अर्धमेल्या.' मग म्हणाले, खाऊ, पण नीट जगलेलं खाऊ. भाजी सेंद्रिय, तांदूळ सेंद्रिय, कोंबडी मोकळी हिंडलेली. कर्जतच्या पुढे त्यांच्या ऑफिसातल्या रघुवीरची वाडी होती, तिथून यायची. छान चाललं होतं. तू हॉस्टेलला होतीस, तरी तुझ्या वाढदिवसाला म्हणून एकदा स्वतः आणायला गेले.

उर्वी : आणि?

राजलक्ष्मी : अंगणात कोंबड्या चरत होत्या. रघुवीर म्हणाला, 'कुठली धरू? बोट दाखवा.'

उर्वी : बस? एवढंच?

राजलक्ष्मी : एवढंच. बोट उचलेना त्यांचं. नुसते बसून राहिले म्हणे ओसरीवर. परत आले ते पिशवीभर लिंबं घेऊन. मला म्हणाले, 'जिच्याकडे मला बोट दाखवता येत नाही, ती दुसऱ्यानं कापून दिली म्हणून खायची, हा भेकडपणा झाला.' त्यानंतर तोंडाला लावलं नाही. वीसेक वर्षं झाली.

उर्वी : आणि तू? तुला तर किती आवडायचं.

राजलक्ष्मी : मला म्हणाले, तू खा, मी अडवणार नाही. केलं मी थोडे दिवस एकटीपुरतं. पण एका ताटात मटण आणि शेजारच्या ताटात बटाटा, घास उतरायचा नाही. सोडलं. मी काही बोकडांसाठी नाही हं सोडलं. ह्यांच्यासाठी सोडलं.

उर्वी : पण आई, आता त्यांना यातलं काही आठवत नाही.

राजलक्ष्मी : म्हणून तर मला आठवायला हवं. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी आम्ही चौपाटीवर जाऊन बसलो होतो. म्हणाले, 'मी काय काय विसरेन कोण जाणे. मी कसा होतो, तेवढं तू सांभाळ.'

उर्वी : त्यात मटणाचं कुठे आलं?

राजलक्ष्मी : कसा होतो म्हणजे आणखी काय गं असतं? माणूस काय खात नव्हता, हेही त्यातच येतं.

कमलाकांत : वास नाही आला अजून कसला. रविवार ना आज?

उर्वी : या बाबा, बसा. मला ओळखलंत?

कमलाकांत : उर्वीला नाही ओळखणार? कॉलेजला सुट्टी वाटतं. हे काय वाढलंय?

राजलक्ष्मी : बिरडं. तुमच्या आवडीचं. ओलं खोबरं घातलंय बघा वरून.

कमलाकांत : रविवारी बिरडं? बाई, घरात सुतक आहे का कुणाचं?

उर्वी : बाबा, बाई काय म्हणताय? ही आई आहे.

राजलक्ष्मी : असू दे. सकाळी राजी होते मी. ऊन चढलं की बाई होते. दोन घास खा हो. भरवू का?

कमलाकांत : नको. उर्वी, जरा इकडे ये. जवळ. एक विचारायचंय, त्यांना ऐकू जाता कामा नये.

उर्वी : विचारा ना.

कमलाकांत : माझ्या हातून काही चुकलंय का?

उर्वी : नाही हो बाबा. असं का विचारताय?

कमलाकांत : या बाई तशा चांगल्या आहेत. मला पुसतात, कपडे घालतात. पण मी मागतो ते जेवण देत नाहीत. उगीच कुणी असं करत नाही. मी काहीतरी केलेलं असणार. मला आठवत नाही. काय केलं ते कळलं तर मी माफी मागेन त्यांची.

उर्वी : बाबा...

कमलाकांत : राजीला मात्र सांगू नकोस. ती भांडेल त्यांच्याशी. माझ्या जेवणावरून तिला कुणी काही बोललेलं खपत नाही.

राजलक्ष्मी : उर्वी, ती पिशवी घे.

उर्वी : नेते मी जाताना. राहू दे.

राजलक्ष्मी : नेऊ नकोस. सोड आणि धुऊन घे. आलं-लसूण काढ. कोथिंबीर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे.

उर्वी : आई, आत्ता तर तू म्हणत होतीस...

राजलक्ष्मी : ज्यानं सोडलं त्याला ठाऊक होतं, का सोडलं ते. ह्यांच्या वाट्याला नुसती शिक्षा आलीय. ऐकलंस ना? माफी मागतायत.

उर्वी : बाबांनाही हेच बरोबर वाटलं असतं गं.

राजलक्ष्मी : नसतं वाटलं. उगाच माझी समजूत काढू नकोस. त्यांचा शब्द मी मोडतेय. मोडतेय हे मला नीट कळू दे.

उर्वी : मी करते मग. तू बाहेर बस त्यांच्याजवळ.

राजलक्ष्मी : तुझ्या हातचं त्यांना नाही चालणार. मीच करते. तू फक्त मीठ चाखून सांग. ते मी नाही चाखणार.

(दुपार. जेवणाच्या टेबलाशी तिघं. कमलाकांतांपुढे ताट.)

उर्वी : कसं झालंय, बाबा?

कमलाकांत : जेवताना बोलायचं नाही.

उर्वी : आई, बघ ना. तिसरी पोळी घेतली.

राजलक्ष्मी : बघतेय.

उर्वी : रडतेस काय? पोटभर जेवतायत ना.

राजलक्ष्मी : तेच बघवत नाहीये गं. किती आवडतंय त्यांना. म्हणजे सोडलं तेव्हा किती जड गेलं असेल. मला कधी कळूसुद्धा दिलं नाही. पाणी दे त्यांना. सावकाश हो, कुणी नेत नाहीये.

कमलाकांत : बाई, एक वाटी आणता? झाकणाची.

राजलक्ष्मी : कशाला? आणखी वाढू का ताटातच?

कमलाकांत : नको, भरलं पोट. हे नळीचं हाड बाजूला काढून ठेवायचंय. राजीला नळी लागते. आम्ही दोघं जेवायला बसलो की नळी तिची.

उर्वी : बाबा, अहो ही समोर बसलीय तीच तर...

राजलक्ष्मी : उर्वी, थांब. वाटी दे ती. इकडे द्या हो, मी ठेवते.

कमलाकांत : रस्साही घाला थोडा वर, कोरडी पडेल. ती कामात असली की जेवायचं विसरते. आठवणीनं द्याल ना?

राजलक्ष्मी : देईन. आली की देते.