रापणीत कोणीच बघूक नाय

(मालवणजवळचा एक किनारा. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत तिघं बसली आहेत.)

ज्युड: ...आणि मगे जाळा ओढणारी अख्खी रापण फॉरेस्टच्या मॅडमाफुडे पुस्तकी मराठी बोलूक लागली. "आम्ही काहीच पाहिलं नाही, मॅडम." शिरा पडो तेंच्या तोंडार. जल्मात 'पाहिलं' म्हणूक नाय हेंनी.

फ्लाव्हिया: हळू बोल, मेल्या. किशोरी बसली हा हय.

किशोरी: बोलांदे तेका. माझ्या भावाचाच आसा मां? घरात माका कोण कायच सांगणत नाय. ज्युड, सुरवातीपासून सांग.

ज्युड: सांगतंय. मगे माझ्यार रागाव नको.

किशोरी: सांग तू.

ज्युड: काल सकाळी रापण ओढत होतो. अर्धी वाडी ह्या रशयेर, अर्धी त्या रशयेर. जाळा जड लागला, सगळे खूष, म्हटला आज बांगडो गावलो. भायर काढला तर मधी कासव. ह्या एवढा, दरवाजाएवढा.

फ्लाव्हिया: दरवाजो?

ज्युड: बरा, न्हाणयेचो दरवाजो. आईक तरी. फुडचो पाय जाळ्यात असो गुतलेलो की सोडवूचो तर जाळाच कापूक होया. जाळी शिवणारो महादू म्हणालो, कापूया, मी बसान शिवन देतंय. आणि हिचो दत्तप्रसाद...

फ्लाव्हिया: कासवमित्र मंडळाचो अध्यक्ष. छातीर कासव छापून गावभर फिरणारो.

ज्युड: तोच टी-शर्ट अंगात होतो गो तेवां. म्हणालो, जाळा नवीन आसा, कोण कापता ता बघतंय. कोयतो घेतल्यान आणि पाय उडयल्यान. एका घायात.

किशोरी: तू बघलंस?

ज्युड: मी तेच्या बाजूकच रशी धरून उभो. रगात माझ्या पायार उडाला.

फ्लाव्हिया: आणि ग्रामसभेत हेणाच ठराव मांडलेल्यान. कासवाक हात लावतलो तेची शिक्षा वाढवा, सात वर्षा पुरणत नाय, जामीन देव नको, सरकाराक कळवा. सगळ्यांनी टाळये वाजवले. सरपंचान शाल घातली तेका, अगदी लग्नातल्या व्याह्यासारखी.

ज्युड: थयच तर सगळी गंमत आसा. पोरांनी कासवाची अंडी उकरली होती, आठवता? तेवां सगळ्या वाडयेन पटापट नावा सांगलेली. म्हायती होता, कान पकडून सोडतले. आता सात वर्षा म्हटल्यार एकेकाचे डोळेच गेले. बाबू म्हणालो, माझ्या डोळ्यार ऊन येत होता. ऊन तेच्या पाठीर. कोण म्हणालो, मी मोबाईल बघत होतंय. एका हातान रापण ओढता तो. आणि हरिश्चंद्रकाका म्हणालो, मी माडाच्या मागे लघवीक गेलेलंय.

फ्लाव्हिया: नावाक तरी लाज वाटाक होयी.

ज्युड: मॅडम शेवटाक वैतागली. म्हणाली, मग जाळं ओढत कोण होतं? तर सगळे दर्याकडे बघूक लागले. जसो काय दर्यो सांगतलो.

किशोरी: मगे महादूचा नाव खंयसून इला?

ज्युड: ता आईक. पाय तोडल्यार हिच्या भावाक धर्म आठवलो. रापणीत कासव इला तर कुंकू लावचा, नारळ फोडूचो, हात जोडून दर्यात सोडूचा. तुमची रीत, पण आमचे पप्पाय हात जोडतत. तर म्हणालो, महादू, ता तू कर. आणि कोयतो तेच्या हातात दिल्यान, नारळ फोडूक.

फ्लाव्हिया: तोच कोयतो?

ज्युड: तोच. नुसतो पाण्यात बुडवून. महादू रडत होतो मरे. कासवाच्या पाठीर हात फिरवी, माफ कर म्हणी, कुंकू लावी. आणि तेवांच कोणीतरी फोटो काढल्यान. बाजूक कोयतो, कासवाक तीन पाय, महादूचे हात लाल. दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्याच्या मोबाईलात.

किशोरी: लाल कुंकवान.

ज्युड: फोटोत कुंकू कोण वळखता? कासवाक फॉरेस्टवाले टबात घालून घेवन गेले, आणि आज मॅडमान फोटो फुडे धरल्यान, हा कोण? झाला. सकाळपासून आंधळे झालेल्यांका एकदम दिसाक लागला. "तो मसुऱ्याकडचा आहे मॅडम. आमचा नाही." आमचा नाही! भात कापून झाला की दर वर्षी येता तो, हेंच्याच पडवयेर निजता, हेंचीच जाळी शिवता.

किशोरी: आणि महादू काय म्हणालो?

ज्युड: मॅडमान विचारल्यान, पाय तुम्ही तोडलात? तर म्हणालो, जाळा कापूक होया होता. तेवढाच. मान खाली. तेंका वाटला, केल्याचो पस्तावो झालो. आता फॉरेस्टच्या हापिसात बसवन ठेवलो हा. उद्या कोर्टात नेतले.

फ्लाव्हिया: आणि तुका विचारल्यानी नाय?

ज्युड: माझ्यापर्यंत येवच्या आदीच पप्पांनी सांगल्यानी, पोरग्याक ताप आसा, आणि ढकलत घराक नेल्यानी. म्हणतत, तू तोंड उघडलंस तर रापणीतली आपली रशी गेली, वाटो गेलो. मी उद्या जातलंय थय. पण माझा एकट्याचा कोण आयकतलो? अख्खी वाडी त्या बाजूक.

फ्लाव्हिया: आणि अध्यक्षांनी काल सांजचे तिठ्यार उभे रवान मुलाखत दिल्यानी. "अशा नराधमाला कठोरात कठोर शिक्षा झालीच पाहिजे." नराधम म्हणे. शाळेत निबंधात तरी लिवलेल्यान काय ह्यो शब्द?

किशोरी: मुलाखत मी बघलंय. पांढरो शर्ट घातलेल्यान.

फ्लाव्हिया: छातीरला कासव खंय गेला?

किशोरी: माझ्याकडे आसा. काल घराक इलो तो थेट न्हाणयेत गेलो, आणि टी-शर्ट माझ्या अंगार टाकल्यान. म्हणालो, लवकर धू, रविवारी मंडळाचो कार्यक्रम आसा. आये तेवांपासून देवाकडे दिवो लावन बसली हा. माका वाटला, महादूसाठी लायल्यान.

ज्युड: टी-शर्टार काय...

किशोरी: कासवाच्या चित्रार रगात. धुवूक नाय मी. कुंकू माका वळखता, ज्युड. फॉरेस्टचा हापिस कितीक उघडता?

ज्युड: दहाक. कित्याक?

किशोरी: गाडी आमच्या दारात हाडू नको. माडाच्या बागेकडे थांब.

ज्युड: तुझो भाव आसा गो. सात वर्षा...

किशोरी: तेका पुरणत नाय ती. ग्रामसभेत उभो रवान सांगल्यान मां सगळ्यांका?

फ्लाव्हिया: किशोरी, रडतंस काय?

किशोरी: नाय.

फ्लाव्हिया: आज घराक गेल्यार विचारतलो तो, टी-शर्ट सुकलो काय. काय सांगतलंस?

किशोरी: साबण संपलो म्हणान सांगतलंय.